परत, आत्म्यांसाठी

सेंत-देल्फीनच्या चर्चच्या पायऱ्या दक्षिणेकडे तोंड करून आहेत. ज्यांनी त्या बांधल्या त्यांनी वाऱ्याचा विचार केला होता. सस्काचेवनच्या या उघड्या मुलखात तो आधी करावा लागतो. सगळ्यात वरच्या पायरीवर, उजव्या कठड्याला टेकून, ओव्हिला तेत्रो चाळीसेक वर्षं उभे राहिले. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, संपली की फादर आत झगा उतरवायचे आणि ओव्हिलाकाका बाहेर पुकारा करायचे. कुणाची गाय सुटली आहे, मळणीला कुणाकडे माणसं हवी आहेत, कुठला रस्ता बर्फानं बंद आहे, मंगळवारी दातांचा डॉक्टर येणार आहे. टेलिफोन आल्यावरही लोक हा पुकारा ऐकायला थांबत. एका तारेवर सहा घरं असायची आणि सगळी एकमेकांचं ऐकायची, त्यामुळे टेलिफोनवर कुणी खरं बोलत नसे.

सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

त्यांचा मोठा दिवस म्हणजे नोव्हेंबरातला पहिला रविवार. नोव्हेंबर हा आमच्याकडे मेलेल्यांचा महिना. त्या दिवशी घराघरांतून काहीबाही यायचं: कोबीचा गड्डा, डुकराचं मुंडकं, विणलेले हातमोजे, मांसाची पाई, पाय बांधलेला कोंबडा. काका पायरीवरून त्याचा लिलाव करायचे आणि त्या पैशांतून गावच्या मेलेल्यांसाठी मिस्सा व्हायच्या, शुद्धिस्थानात अडकलेल्यांची लवकर सुटका व्हावी म्हणून. वस्तू ज्या घरची, त्या घरच्या मृताचं नाव आधी. "आर्तेमीझ ग्रेनोंच्या आत्म्यासाठी, हा कोबी!" आणि मग बोली.

या लिलावाची एक रीत होती. बोली जिंकणाऱ्यानं वस्तू घरी न्यायची नाही. पैसे द्यायचे, वस्तू वर करायची आणि म्हणायचं, "परत, आत्म्यांसाठी." की ती पुन्हा पुकारली जायची. एकच कोबी सगळ्या गावाच्या हातांतून फिरायचा. चर्चची दुपारच्या जेवणाची घंटा झाली की लिलाव संपला, आणि जे उरेल ते फादरच्या स्वयंपाकघरात. एका वर्षी कोंबडा इतक्यांदा परत आला की फिलियास ग्रेनोंच्या हातातच त्यानं मान टाकली. फिलियासनं तोही वर केला. "परत, आत्म्यांसाठी." काका म्हणाले, "फिलियास, आता हा स्वतःच आत्मा झाला. याची मिस्सा वेगळी लागेल, आणि ती तुझ्या खिशातून."

असं ते बोलायचे. बोली अडली की म्हणायचे, "फिलियास, तुझी आई वरून तुझ्या मुठीकडे बघते आहे. तिला तुझी मूठ ओळखू येते." लोक हसायचे आणि फिलियास आकडा वाढवायचा.

हा आवाज त्यांना शाळेत मिळाला. गाव फ्रेंच बोलणारं, पण शाळेत फ्रेंचमधून शिकवायला बंदी होती. बाई शिकवायच्या, पण इन्स्पेक्टरची गाडी दिसली की फ्रेंच पुस्तकं सरपणाच्या पेटीत जायची. खिडकीपाशी ओव्हिलाला बसवलेलं असे. धूळ उठली की त्यानं मोठ्यानं इंग्रजी पाढे सुरू करायचे, म्हणजे मागच्या खोलीतल्या मुलांनाही कळावं. साताच्या पाढ्यापर्यंत पुस्तकं पेटीत आणि झाकणावर एक मुलगी बसलेली. काका सांगायचे, "मला आठाचा पाढा कधी आलाच नाही. तोवर इन्स्पेक्टर आत आलेला असायचा."

त्याच आवाजानं पुढे त्यांना दुसरं काम दिलं. ट्रॅक्टर मोठे झाले, माणसं कमी लागू लागली. एकेक घर शेत विकून शहरात जायला लागलं. शेत विकायचं म्हणजे अवजारं, जनावरं, पलंग, कपाटं, सगळं अंगणात मांडून लिलाव. घेणारे लांबलांबून यायचे, म्हणून तो लिलाव इंग्रजीत. तसा करता येईल असा माणूस गावात एकच होता. एप्रिल महिना आला की काकांना दर शनिवारी कुणाच्या तरी अंगणात उभं राहावं लागे.

फिलियास एकदा पतपेढीच्या दारात, चारचौघांत म्हणाला, "नोव्हेंबरात मेलेल्यांना सोडवतो आणि एप्रिलमध्ये जित्यांना विकतो."

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मी नाही गेलो तर शहरातला कुणी येईल. तो तुझ्या आईचं शिवणयंत्र भंगारात काढेल. मी निदान ते कुणाचं होतं हे सांगून विकतो."

आणि ते सांगायचेही. इंग्रजीत, ज्यांना त्या नावाशी काही देणंघेणं नाही अशा लोकांना. ती नावंही त्या घेणाऱ्यांना नीट उच्चारता यायची नाहीत. संध्याकाळी घसा बसलेला असायचा. ब्लांदीनकाकू गरम पाण्यात मध घालून पेला समोर ठेवायच्या आणि आज कुणाचं अंगण होतं हे विचारायच्या नाहीत. जे घर जाणार असेल तिथं त्या आदल्या दिवशी एक पाई देऊन आलेल्या असत, त्यामुळे त्यांना माहीत असायचंच. मी गावच्या पतपेढीत नोकरीला लागलो तेव्हापासून हे बघत आलो. माझ्याकडे त्या घरांची खाती बंद व्हायची, त्यांच्याकडे अंगणं. एकदा आम्ही दोघं एकाच घरातून बाहेर पडलो. ते म्हणाले, "रेआल, तुझं काम बरं. ओरडावं लागत नाही."

मग शाळा गेली. मग रूळ उखडले. धान्याचं उंच कोठार पाडलं तेव्हा सगळं गाव बघायला उभं होतं आणि धूळ खाली बसल्यावर घरी गेलं. रविवारी पुकारा करण्यासारखं काही उरलं नाही. गाई नव्हत्या, मळणीला माणसं नको होती. तरी काका पायरीवर उभे राहायचे आणि हवामान सांगायचे. ते सगळ्यांना दिसतच असायचं.

नोव्हेंबरचा लिलाव मात्र चालू होता.

त्यातला आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुकारणाऱ्यानं स्वतःच्या घरची वस्तू पुकारायची नाही, आणि स्वतः बोलीही लावायची नाही. काकांच्या आईवडिलांच्या नावानं वस्तू आली तेव्हा होर्मिदास लोहार वर चढला होता आणि काका खाली, हात मागे बांधून उभे होते. होर्मिदास जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या मार्चमध्ये ब्लांदीनकाकू गेल्या. आजारी फारशा नव्हत्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात बिशपांच्या कार्यालयाचा निर्णय आला. आमचे फादर बार्नाबे पाच गावांची चर्च सांभाळतात. ते काँगोचे आहेत आणि आमच्याहून चांगलं फ्रेंच बोलतात. पाचातलं एक बंद करायचं, ते आमचं. घंटा ऑगस्टमध्येच उतरवून नेली. कुलूप ऑक्टोबरअखेर लावायचं, म्हणजे हिवाळ्याचं तेल भरावं लागणार नाही. चर्चच्या व्यवस्थेचं काम माझ्याकडे असल्यानं किल्लीही माझ्याकडे होती.

काका पतपेढीत आले आणि समोरच्या खुर्चीत कोट न काढता बसले.

"कुलूप कधी?"

"ऑक्टोबर संपला की."

"म्हणजे नोव्हेंबरच्या आधी."

"तेल भरायचं नाही म्हणतात, काका."

"तेल कुणी मागितलं? लिलाव पायरीवर होतो." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "या गावातल्या प्रत्येकाच्या मेलेल्याला मी हाक मारली आहे. फिलियासच्या सासूलासुद्धा, जिला त्याच्या घरात कुणी जिवंतपणी हाक मारत नसे. ब्लांदीनचं नाव त्या पायरीवरून एकदा घेतलं गेलं पाहिजे, आणि तिच्यासाठी बोली लागली पाहिजे. मग खुशाल कुलूप घाल. मी किल्ली फिरवायला मदत करीन."

"फादर बार्नाबे त्यांच्यासाठी मिस्सा करतीलच की. मी सांगतो त्यांना."

"करतील. सांगून केलेली मिस्सा आणि बोलीवर मिळवलेली मिस्सा सारखी का? तू हिशेबातला माणूस, तुला कळायला हवं."

मी फोन केला. एक आठवडा मिळाला, तेल न भरण्याच्या अटीवर. नंतर काकांची मुलगी जिनेट त्यांना कॅल्गरीला आपल्याकडे नेणार होती. म्हणजे एकाच आठवड्यात दोन कुलपं.

"पुकारणार कोण?" मी विचारलं.

"तू."

"माझा आवाज, काका..."

"तुझा आवाज काउंटरच्या पलीकडे जात नाही, माहीत आहे. होर्मिदास मेला, त्याला मी काय करू? आणि बोलीला दोघं तरी बघ. एकटा बोली लावतो तो लिलाव नाही, ती खरेदी."

तळघरात काकूंच्या हातची एकच बरणी उरली होती. बाकीच्या काकांनी मार्चमध्ये भेटायला आलेल्यांना देऊन टाकल्या होत्या. इकडच्या झुडपांना जुलैत वाटाण्याएवढी जांभळी फळं येतात. आम्ही त्यांना 'छोट्या नाशपाती' म्हणतो. का, ते कुणाला माहीत नाही. खऱ्या नाशपातीशी त्यांचा काही संबंध नाही. ज्या म्हाताऱ्यांनी हे नाव ठेवलं ते क्युबेकहून आलेले, त्यांना तिकडची एखादी गोष्ट आठवली असेल, किंवा फक्त थंडीनं डोकं चाललं नसेल. त्या फळांचा मुरंबा काकू करायच्या, साखर कमी घालून.

त्या रविवारी ऊन होतं आणि वारा होता. मिस्सा सगळ्यांनी कोट घालून ऐकली. फादर बार्नाबेंच्या तोंडातून प्रार्थनेबरोबर वाफ येत होती. नंतर आम्ही बाहेर आलो. जे होते ते खालच्या दोन पायऱ्यांपाशी मावले. फिलियास चाकांच्या वॉकरच्या आधारानं उभा होता, त्याची गाडी मागेच लावलेली. जिनेट कॅल्गरीहून आदल्या दिवशी आली होती, शहरातल्या पातळ बुटांत.

काकांनी सुरुवात केली. आवाज तोच होता, पण मध्ये मध्ये थांबत होता. मोजे गेले, पाई गेली, परत आली, पुन्हा गेली. कोबी फिलियासनं घेतला.

"परत, आत्म्यांसाठी."

काकांनी कोबी पुकारला. कुणी बोलेना.

"दोन जास्त," फिलियास म्हणाला.

"अरे, तुझीच बोली आहे आधीची."

"मग काय करू? कुणी तोंड उघडत नाही आणि मला थंडी वाजते आहे."

"आयुष्यभर तुझ्याकडून दमडी निघाली नाही, आणि आज स्वतःशीच भांडतोस."

"आज शेवट आहे म्हणून. उद्या मागशील तर देणार नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी कोबी कठड्यावर ठेवला, टोपी काढली आणि एकेक पायरी करत खाली आले. मी वर गेलो. बरणी त्यांनी आपल्या हातांनी माझ्याकडे दिली. झाकणावर काकूंनी चौकटीचं कापड बांधलेलं होतं.

"ब्लांदीन तेत्रोंच्या आत्म्यासाठी," मी म्हणालो.

"कोण?" फिलियासनं कानाशी हात नेला. "ऐकू आलं नाही."

"ब्लांदीन तेत्रोंच्या आत्म्यासाठी!"

"हां. आता तिलाही गेलं असेल."

"छोट्या नाशपातीची बरणी. बोला."

जिनेटनं हात वर केला आणि आकडा सांगितला, इंग्रजीत. सहजच तोंडून गेला. कॅल्गरीत तिचा दिवस त्या भाषेतच जातो.

"पोरी," फिलियास म्हणाला, "त्या भाषेत आम्ही ट्रॅक्टर विकले."

तिचा चेहरा लाल झाला. तिनं ओठ हलवले, फ्रेंच शब्द शोधला, आणि लहानपणी म्हणायची तसं, शेवटचं अक्षर ओढून म्हणाली, "दहाऽ."

"बारा," फिलियास म्हणाला.

"पंधरा."

एकवार, दोनवार, तीनवार. बरणी जिनेटच्या हातात गेली. तिनं ती क्षणभर छातीशी धरली, मग वर केली. "परत, आत्म्यांसाठी." ते शब्द मात्र तिला शोधावे लागले नाहीत.

मग फिलियासनं घेतली आणि परत दिली. मग काकांनी हात वर केला.

"ओव्हिला, तुला बोली लावता येत नाही," फिलियास म्हणाला.

"पुकारणाऱ्याला येत नाही. मी आज पुकारत नाही."

त्यांनी बोली जिंकली, वस्तू वर केली, "परत, आत्म्यांसाठी." मी पुकारली. त्यांनीच पुन्हा हात वर केला. पुन्हा परत. एकेक जण खांदे आवळून गाडीकडे जायला लागला. फिलियास आपल्या गाडीत बसला आणि काच खाली करून तिथून आकडे ओरडायला लागला. थोड्या वेळानं त्यानं काचही वर केली. उरले काका, जिनेट आणि वर मी. दारापाशी फादर बार्नाबे हात काखेत घालून उभे होते. आमचा लिलाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. एवढी वर्षं ते या दिवशी दुसऱ्या गावात असायचे.

मी "दोनवार" म्हटलं की काकांचा हात वर. स्वतःच्याच बोलीवर आणखी एक. हात आता खांद्याच्या वर जात नव्हता.

"बाबा, पुरे आता," जिनेट हळूच म्हणाली.

"घंटा झाली नाही."

"घंटा नेली, बाबा."

"मला माहीत आहे नेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुकार."

माझाही घसा बसला होता. मी तीनवार घाईनं म्हणून टाकू शकलो असतो. त्यांनी हे काम माझ्याकडे दिलं त्यात असं करणं बसत नव्हतं. मी पुकारलं.

"माफ करा," मागून फादर बार्नाबे म्हणाले, "नाशपाती म्हणालात ना?"

"हो, फादर."

"बेल्जियमला शिकत होतो तेव्हा हिवाळ्यात नाशपातीचा मुरंबा मिळायचा. त्यानंतर खाल्ला नाही." ते थोडे संकोचले. "मी बोली लावली तर चालते का?"

मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चालते."

"मग तीस."

काकांचा हात निघाला आणि कोटाच्या बटणांपाशी थांबला. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. मग तो खिशात घातला.

"एकवार," मी म्हणालो. "दोनवार." वारा कठड्यावरच्या कोबीची पानं हलवत होता. "तीनवार."

बरणी मी फादरांच्या हातात दिली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी आभार मानले, कोटाची चेन खाली ओढली, बरणी आत ठेवली आणि चेन गळ्यापर्यंत वर घेतली.

"बोटं गारठली," ते म्हणाले. "जेवायला येता ना सगळे?"

फिलियासच्या गाडीची काच खाली आली. "अहो फादर, ती परत..."

"गप्प बस, फिलियास," काका म्हणाले. "शेवटी फादरच्याच स्वयंपाकघरात जायची असते वस्तू. आज जरा सरळ गेली."

मग ते पायरीवर बसले. जिनेटनं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. बराच वेळ ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, जिथून पूर्वी इन्स्पेक्टरची धूळ दिसायची.

"दमलो रे," ते म्हणाले. "घाल कुलूप."

"उद्या घालतो. आज पलीकडच्या सभागृहात जेवण आहे. वाटाण्याचं सूप केलंय सगळ्यांनी मिळून."

"उद्या मी नसणार. आज घाल."

म्हणून जेवणाआधी घातलं. किल्ली जड फिरते, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला. सूप त्यांनी दोनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी जिनेटच्या गाडीत ते पुढे बसले होते आणि मी हात केला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

फादर बार्नाबेंनी त्या महिन्यात ब्लांदीनकाकूंची मिस्सा शेजारच्या गावात केली. आमच्यातले काही जण गेलो. नंतर एका दुपारी ते पतपेढीत आले आणि बरणी माझ्या टेबलावर ठेवली. रिकामी, धुतलेली, चौकटीचं कापड घडी करून आत.

"नाशपाती नव्हती ती," ते म्हणाले.

"नाही."

"मग काय होतं?"

"नाशपातीच. छोट्या."

त्यांनी विचार केला. "चांगल्या होत्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना गाडीत पावाबरोबर खाल्ल्या. आठवडाभर पुरल्या." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "मी काही चुकीचं केलं का त्या दिवशी? सगळे माझ्याकडे बघत होते."

"नाही, फादर."

संध्याकाळी मी कॅल्गरीला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता, इंग्रजीत. काकांचा आवाज बारीक झाला होता, त्यांना तिथं मोठ्यानं बोलायचं कारण नसावं. मी बरणीचं सांगितलं आणि विचारलं, जिनेटकडे पाठवून देऊ का.

"रिकामी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. पार धुऊन दिली आहे."

"सगळं खाल्लं?"

"आठवडाभर खाल्लं म्हणाले. पावाबरोबर."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"मग बरं," ते म्हणाले. "परत नको."